ब्रीद आणि बिरुद

जबलपुरात लष्कराची तीन मोठी प्रशिक्षण केंद्रे आहेत : ग्रेनेडियर्सचे, जम्मू-काश्मीर रायफल्सचे आणि कोअर ऑफ सिग्नल्सचे. त्यांची ब्रीदवाक्ये मराठी कानाने ऐकली की गंमत होते. सिग्नल्सचे ‘तीव्र चौकस’. हिंदीत तीव्र म्हणजे वेगवान आणि चौकस म्हणजे सावध. आमच्या घरच्या मराठीत चौकस माणूस म्हणजे शेजारच्यांच्या पगाराची माहिती ठेवणारा. रायफल्सचे ‘प्रशस्त रणवीरता’. संस्कृतात प्रशस्त म्हणजे प्रशंसनीय. मराठीत घर प्रशस्त असते, नाहीतर ओसरी.

ही फसगत अनुवादकाच्या रोजचीच. खरी अडचण ‘मोटो’ या शब्दाची आहे. हिंदीत त्याला ध्येयवाक्य किंवा आदर्श वाक्य म्हणतात, मराठीत ब्रीदवाक्य. ब्रीद हे बिरुदाचेच झिजलेले रूप. पण मराठीने दोन्ही शब्द ठेवले आणि त्यांची कामे वाटून दिली. बिरुद मिरवायचे, ब्रीद राखायचे. पतितपावन हे विठ्ठलाचे ब्रीद. म्हणून तर नामदेवांच्या अभंगातला भक्त ते नाव ऐकून दाराशी येतो आणि ते खरे ठरत नाही म्हणून माघारी निघतो. ब्रीद हे देवाच्या डोक्यावरचेही कर्ज असते आणि वसुलीचा हक्क दारात उभ्या असलेल्याचा.

या हिशेबाने ग्रेनेडियर्सचे ‘सर्वदा शक्तिशाली’ मला बिरुद वाटते. मिरवण्याजोगे त्यांच्याकडे पुष्कळ आहे. रेजिमेंट जुन्या मुंबई फौजेतली. १८१८ साली कोरेगावला पेशव्यांच्या सैन्याशी लढलेली पलटण तिच्याच पूर्वजांपैकी. ‘तीव्र चौकस’ मात्र ब्रीद आहे : निरोप वेळेत पोचेल आणि शत्रूच्या हाती पडणार नाही, हे पुढच्या चौकीतल्या जवानाला दिलेले वचन.

काही ब्रीदे तर कुठल्याच फलकावर नसतात. कॅप्टन विक्रम बत्रा १३ जम्मू-काश्मीर रायफल्सचे. डिसेंबर १९९७मध्ये रेजिमेंटच्या प्रशिक्षणासाठी ते जबलपुरातच आले होते. जून १९९९मध्ये कारगिलचा पॉइंट ५१४० घेतल्यावर त्यांनी वायरलेसवर कळवले ते ‘ये दिल माँगे मोर’. (मराठी कानाला इथे पक्षी ऐकू येतो, ते असो.) ७ जुलैला पॉइंट ४८७५च्या लढाईत त्यांना वीरमरण आले. हे वाक्य मजकुरात आले की मी त्याचे भाषांतर करत नाही, तसेच ठेवते. ते मुळात पेप्सीच्या जाहिरातीतले होते, हे आता तरुण वाचकांना मुद्दाम सांगावे लागते.