पेशी व शरीरक्रियांवरील प्रश्नोत्तरे

पेशीची रचना आणि शरीरातील क्रिया यांवरील उच्च माध्यमिक इयत्तांच्या प्रश्नांना, कार्यकारणाची साखळी कोठेही न तोडता, लेखी उत्तर देण्याची विद्या. ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांत, बांदोडकर, बिर्ला, पेंढरकर आदी महाविद्यालयांच्या वर्गांतून आणि त्याहून अधिक खाजगी शिकवण्यांतून, तिचा अभ्यास चालतो. बारावीची परीक्षा राज्य मंडळाच्या मुंबई विभागाच्या अखत्यारीत होते. जीवशास्त्राच्या १०० गुणांपैकी ७० लेखी व ३० प्रात्यक्षिकाचे असतात. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेतही ७२० पैकी ३६० गुण याच विषयाचे. मात्र तेथे दिलेल्या पर्यायांतून निवड करावयाची असल्याने, विद्यार्थ्याच्या विचाराची खरी पारख मंडळाच्या चार गुणांच्या दीर्घोत्तरातच होते.

उदाहरणार्थ, हृदयाची गती फार वाढली असता रक्ताचा पुरवठा वाढण्याऐवजी घटतो तो का, असा प्रश्न घ्यावा. मिनिटास सुमारे ७२ ठोके असता एका आवर्तनास ०.८ सेकंद लागतात : अलिंदांच्या आकुंचनास ०.१, निलयांच्या आकुंचनास ०.३ आणि उभयतांच्या शिथिलतेस ०.४. हे आकडे बहुतेकांस मुखोद्गत असतात. परंतु निलये मुख्यत्वे या शिथिलतेच्या काळातच भरतात, गती वाढली की सर्वाधिक काटछाट याच काळाची होते, आणि म्हणून अपुऱ्या भरलेल्या निलयातून प्रत्येक ठोक्यास रक्त कमी बाहेर पडते, हा तपशील ज्याने क्रमाने मांडला त्यानेच प्रश्नाचे उत्तर दिले असे म्हणता येते.

परासरणाच्या प्रश्नास तर या प्रदेशात पुस्तकाबाहेरचा उत्तम दाखला आहे. मिठाच्या तीव्र द्रावणात ठेवलेल्या पेशीतून पाणी बाहेर जाते व तिचे जीवद्रव्य भित्तिकेपासून सुटते. असे असता ठाण्याच्या खाडीतील खाऱ्या चिखलात तिवर जगतो कसा? त्याची मुळे बहुतांश क्षार बाहेरच अडवितात. पेशींत क्षार व काही सेंद्रिय द्रव्ये साठवून तो आतील जलक्षमता बाहेरच्यापेक्षा खाली राखतो, त्यामुळे पाणी आतच ओढले जाते. आणि उरलेले मीठ पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकतो. कोरड्या हवेत त्याचे स्फटिक पानांवर साध्या डोळ्यांनीही दिसतात. खाडीच्या काठी राहणाऱ्या मुलांस हे झाड न दाखविता परासरण शिकविले जावे, ही मोठी हानी होय.

मराठी शाळेतून आलेल्या विद्यार्थ्यास अकरावीत विज्ञान बहुधा इंग्रजीतून शिकावे लागते, आणि समजलेली गोष्टही त्याच्या लेखणीतून अर्धवट उतरते. अशा विद्यार्थ्याने प्रथम मराठीत ‘म्हणून’ आणि ‘कारण’ यांनी वाक्ये जोडून उत्तराचा क्रम बांधावा, आणि शिक्षकांनी त्यास ती मुभा द्यावी.