ठराव गावचा, लगाम वरचा

ठराव गावात होतो, त्याचं नशीब मात्र जिल्ह्याला ठरतं. हे आजचं नाही. मे १८८२ मध्ये लॉर्ड रिपननं स्थानिक स्वराज्याचा पाया घातला, पण लगाम सरकारनं आपल्याकडंच ठेवला. पुढं १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातही कलम ३०८ नं ठराव स्थगित करायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना मिळाला. महापालिकेचा ठराव तर कलम ४५१ खाली राज्य सरकार विखंडित करतं.

अधिकार चुकीचा नाही. बेकायदा ठराव कुणीतरी रोखायलाच हवा. दुखणं आहे ते प्रवासाचं. बातमीदारीत इतकी वर्षं एकच उत्तर ऐकतोय, 'फाईल वर गेलीय.' खालचे म्हणतात पाठवली, वरचे म्हणतात मिळालीच नाही. जावक क्रमांक एकाकडं, आवक दुसऱ्याकडं!

२४ एप्रिल २०२० ला ग्रामपंचायतींसाठी ई-ग्रामस्वराज पोर्टल आलं. विकास आराखडा, खर्च मोबाईलवर दिसायला लागला. मग नगरपालिकेचा ठराव कधी पाठवला, कधी पोचला, कोणत्या कारणानं थांबवला, हे तारखेसकट का दिसू नये? नुसतं स्कॅन करून मेल टाकणं ही सुधारणा नव्हे. लगाम वर राहू द्या, पण तो कुणी आणि कधी ओढला, हे गावाला कळलं पाहिजे. तुमच्या गावचा कुठला ठराव असा अडकलाय?