फॉर्म ए : आठव्या रकान्याची कुळकथा

हिरव्या नागमोडी रेषांची दाट जाळी छापलेला एक कागद. आकार ए-फोरचाच. कुणी रबराने किंवा रसायनाने काही खोडलं, तर जाळी लगेच बिघडलेली दिसते, ती छापण्यामागचा हेतूच तो. एकूण बारा रकाने : माल कुणी पाठवला, कुणाला पाठवला, बोटीने की विमानाने, खोकी किती, वजन किती, इन्व्हॉइस नंबर काय. निर्यातीच्या धंद्यात याला 'फॉर्म ए' म्हणतात. मुंबईत कापडाच्या निर्यातदारांना तो प्रभादेवीच्या टेक्स्टाइल्स कमिटीकडून मिळे, ढाक्यात एक्स्पोर्ट प्रमोशन ब्युरोकडून. या कागदातला महत्त्वाचा रकाना आठवा. कारखाना कुठला उभा राहणार आणि कुठला बसणार, हे पुष्कळदा त्यात काय लिहिता येतं यावर ठरलं.

कागदाचं मूळ शोधताना आधी १९३२ च्या ओटावा परिषदेपर्यंत मागे जावं लागतं. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांनी एकमेकांच्या मालाला कमी जकात लावायची, असं तिथे ठरलं. सवलत साम्राज्यापुरती, म्हणजे माल साम्राज्यातलाच आहे हे सिद्ध करणं ओघाने आलं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराने मात्र उलटं तत्त्व धरलं : एकाला दिलेली सवलत सगळ्या सभासदांना द्यायची.

ऐकायला हे न्यायाचं वाटतं. अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राऊल प्रेबिश यांना तसं वाटलं नाही. कच्चा माल विकणाऱ्या देशांच्या मालाची किंमत पक्क्या मालाच्या तुलनेत घसरत जाते, हा त्यांचा जुना सिद्धांत. त्यात श्रीमंत देशांची जकात अशी रचलेली, की कच्च्या कापसावर काही नाही, पण त्याच कापसाचा शर्ट शिवून नेला तर भरपूर. गरीब देशांनी कारखाने काढावेत तरी कसे? १९६४ मध्ये जिनिव्हात भरलेल्या अंक्टाडच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास विषयक पहिल्या परिषदेत त्यांनी मागणी मांडली, की विकसनशील देशांच्या पक्क्या मालाला श्रीमंतांनी परतफेडीची अपेक्षा न ठेवता कमी जकात लावावी. चार वर्षांनी नवी दिल्लीतल्या दुसऱ्या परिषदेत तसा ठरावही झाला. १९७१ मध्ये गॅटने आपल्या नियमाला दहा वर्षांची सूट दिली आणि त्याच जुलैत युरोपीय समुदायाने सवलत सुरू केली. अमेरिकेने १९७६ उजाडेपर्यंत वेळ घेतला. १९७९ मध्ये ती सूट कायमची झाली.

सवलतीबरोबर धास्तीही आली. उद्या हाँगकाँगचा किंवा जपानचा माल भलत्याच बंदरातून लेबल बदलून आला तर? म्हणून मालाचा जन्मदाखला हवा, आणि तो सगळीकडे एकाच नमुन्याचा हवा. तो नमुना म्हणजे फॉर्म ए. देणाऱ्याने हात सैल केला खरा, पण मुठीच्या अटी त्यानेच लिहिल्या.

या अटींचा खरा कस बांगलादेशात लागला. १९७८ मध्ये नुरुल कादेर या माजी सनदी अधिकाऱ्याच्या 'देश गार्मेंट्स'ने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला. देवूचा त्यात परोपकार नव्हता. कोरियन कपड्यांच्या आयातीवर श्रीमंत देशांत कोट्याची मर्यादा होती, बांगलादेशवर नव्हती. १९७९ मध्ये देशचे १३० लोक पुसानला जाऊन सहा महिने काम शिकून आले आणि पुढच्या वर्षी चितगावचा कारखाना सुरू झाला. पुढे त्यांतले बहुतेक जण 'देश गार्मेंट्स' सोडून गेले. कुणी स्वतःचे कारखाने काढले, कुणी दुसऱ्यांचे उभे करून दिले.

कोट्याने दार उघडलं. आत गेल्यावर गाठ पडली आठव्या रकान्याशी. युरोपला पाठवायच्या टी-शर्टसाठी तिथे 'डब्ल्यू' आणि पुढे जकातीच्या यादीतला टी-शर्टचा क्रमांक ६१०९ लिहायचा. अर्थ असा, की परदेशी माल वापरला असला तरी देशात त्यावर पुरेशी प्रक्रिया झाली आहे. 'पुरेशी' म्हणजे किती? युरोपचं उत्तर होतं, दोन टप्पे. सुतापासून कापड आणि कापडापासून कपडा, दोन्ही देशातच व्हायला हवं. शर्ट-पँटवाल्यांची इथे अडचण झाली. त्यांचं कापड चीनहून, भारतातून यायचं, कारण माग, खळ, रंगाई, फिनिशिंग हे सगळं उभारायला मोठं भांडवल लागतं. त्यांच्या मालाला १२ टक्के भरावे लागत. टी-शर्ट शिवणाऱ्या निटवाल्यांचं मात्र जमून गेलं. विणाईचं गोल यंत्र त्या मानाने स्वस्त, आणि सूत भारतातून आलं तरी चालतं. कापड नारायणगंजला विणलं की अट पुरी. एकाच देशातले, एकाच गिऱ्हाइकाला माल विकणारे दोन कारखाने; एकाला शून्य जकात, दुसऱ्याला पुरी.

काहींनी मग आडवाट धरली. आयात कापडाचे टी-शर्ट देशी म्हणून दाखवले. १९९० च्या दशकात युरोपच्या अधिकाऱ्यांनी तपास केला तेव्हा असे हजारो दाखले रद्द झाले. जाळीने खाडाखोड पकडली जाते, मुळातच खोटं लिहिलेलं कसं पकडणार?

२००१ मध्ये युरोपने अतिमागास देशांना शस्त्रं सोडून सगळ्या मालावर शून्य जकात दिली. अट तीच राहिली. २००७-०८ मध्ये बांगलादेशच्या निर्यातीत निट कपडे शर्ट-पँटींच्या पुढे गेले. मग जानेवारी २०११ पासून युरोपने अतिमागास देशांसाठी अट एका टप्प्यावर आणली. कापड कुठलंही असो, शिवणं देशात झालं की पुरे. २०११-१२ मध्ये शर्ट-पँटी थोड्या फरकाने का होईना, पुन्हा पुढे आल्या. टक्के तेच, सवलतही तीच. बदलला तो एका रकान्यात लिहायचा अधिकार.

आता पैशाचं बघू. पाच डॉलरच्या शर्टावर १२ टक्के म्हणजे साठ सेंट. पण जकात कारखानदार भरत नाही, युरोपातला आयातदार भरतो. फॉर्म ए कुरियरने त्याच्याकडे जाई आणि साठ सेंट आधी त्याच्या खिशात वाचत. त्यातले किती परत मिळवायचे, हे ढाक्याच्या मालकाने भाव ठरवताना घासाघीस करून पाहायचं. ज्याच्याकडे तीन बायर रांगेत आहेत त्याला बरे मिळतात. एकाच बायरवर जगणाऱ्याला सवलतीचा दर गृहीत धरूनच भाव सांगितला जातो. सवलत देशाला मिळते, कारखान्याला ती पुन्हा कमवावी लागते, असं माझं मत.

अमेरिकेची तऱ्हा निराळी. तिच्या १९७४ च्या कायद्याने बहुतेक कपडे सवलतीतून आधीच वगळलेले. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात कपड्यांच्या कारखान्यांची राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसं मेली, तेव्हा अमेरिकेने साधारण दोन महिन्यांनी बांगलादेशची सवलत थांबवली. फटका बसला तंबू, चिनी मातीची भांडी असल्या मालाला. त्या इमारतीत शिवले जाणारे कपडे सवलतीच्या यादीत कधी नव्हतेच.

आपल्याकडे सोलापूरच्या टॉवेलवाल्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. २०१४ पासून पाकिस्तानी टॉवेल युरोपात शून्य जकातीने जाऊ लागला आणि भारतीय टॉवेलवर ९.६ टक्के राहिले. टॉवेलच्या धंद्यात एवढं मार्जिन सुटत नाही.

युरोपसाठी आता हिरवा कागद गेला. नोंदणी झालेला निर्यातदार इन्व्हॉइसवर स्वतःच निवेदन लिहितो. आठव्या रकान्यातली अक्षरं त्या निवेदनात उतरली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २०२१ च्या ठरावाप्रमाणे बांगलादेशने २४ नोव्हेंबर २०२६ ला अतिमागास देशांच्या यादीतून बाहेर पडायचं आहे. त्यानंतर युरोपची सध्याची सवलत आणखी तीन वर्षं. एका टप्प्याची सूट फक्त अतिमागास देशांना आहे. ती संपली की ढाक्यातल्या शर्टाला सवलतीसाठी पुन्हा देशात विणलेलं कापड लागेल.