भाभांची दोन भाकिते

होमी भाभांनी ऊर्जेविषयी दोन भाकिते केली. सर दोराबजी टाटा ट्रस्टला १२ मार्च १९४४ रोजी लिहिलेल्या पत्रात त्यांनी मांडले, की दोनएक दशकांत अणूपासून वीज मिळू लागेल आणि तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागणार नाही. १९५५ साली जिनिव्हातील अणुऊर्जा परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी अणुसंमीलनालाही तेवढीच मुदत दिली. पहिले भाकीत १९६९ मध्ये तारापूरला फळले. दुसरे अजून फळलेले नाही, म्हणून त्याची गणना फाजील आशावादात होते. मला हा निवाडा अपुरा वाटतो. पत्राचा गाभा तज्ज्ञ घडवण्यात होता आणि त्या कसोटीवर दुसरे भाकीतही वाया गेलेले नाही.

या कसोटीचे मोल गिरणगावाच्या इतिहासात दिसते. १९१५ पासून टाटांच्या खोपोली केंद्राची वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळू लागली, पण ती निर्माण करणारी यंत्रे परदेशी होती. याउलट भाभांच्या पत्रानंतर टाटा ट्रस्टच्या आधाराने निघालेली संशोधन संस्था डिसेंबर १९४५ मध्ये पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली, १९४९ मध्ये अपोलो बंदरच्या जुन्या यॉट क्लबात गेली आणि १९६२ मध्ये कुलाब्यात स्थिरावली. तिथे यंत्रांच्या आधी माणसे जमवली गेली.

यावर कोणी म्हणेल, की शिकागोत १९४२ मध्येच अणुभट्टी चालली होती, तेव्हा पहिले भाकीत सोपेच होते. पण तो प्रयोग युद्धकाळात गुप्त होता; भाभांना त्याचा आधार घेता येणार नव्हता. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: भारतातले संमीलन-संशोधन मुंबईत नव्हे, तर अहमदाबाद आणि गांधीनगरला वाढले, ‘आदित्य’ हे प्लाझ्मा (आयनीभूत वायू) चुंबकीय क्षेत्रात कोंडणारे टोकामॅक यंत्रही १९८९ मध्ये तिथेच सुरू झाले. हे श्रेय गुजरातचेच. मात्र हे संशोधन करणारी तिथली संस्था आज ज्या अणुऊर्जा विभागाकडे आहे, त्याचा कारभार गेटवेजवळच्या अणुशक्ती भवनातून चालतो.

२००५ मध्ये भारत ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय संमीलन प्रकल्पात सामील झाला, तेव्हा प्लाझ्मा जाणणारी माणसे देशात होती. आपल्या वाट्याला आलेल्या निदान-शलाकेच्या, म्हणजे प्लाझ्मा तपासण्यासाठी सोडायच्या कणांच्या झोताच्या, स्रोतात हायड्रोजनचा प्लाझ्मा करून ऋण आयन काढायचे असतात: १०० किलोव्होल्टला ६० अँपिअर. ऋण आयनाचा जादा इलेक्ट्रॉन सहज सुटतो. उरलेला उदासीन अणू चुंबकीय क्षेत्र ओलांडून भट्टीतल्या प्लाझ्मात शिरतो. या एका स्रोतावर संशोधक विद्यार्थ्याची उमेदीची वर्षे जातात. संमीलनाला वीस वर्षांची मुदत घालण्यापेक्षा अशा विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती आणि प्रयोगशाळा अखंड चालू ठेवणे, हाच त्या पत्राचा आजचा अर्थ आहे.