विजेची सायकल: अडले कोठे?

गोंदिया जिल्ह्यातील केशोरीच्या एखाद्या विद्यार्थ्याने जुन्या सायकलीला घरीच मोटर जोडायची ठरवली, तर अडचण कशाची येईल? मोटरची नव्हे. मागच्या चाकाच्या हबमध्ये बसणाऱ्या मोटरचे पेटंट ऑग्डेन बोल्टन यांनी अमेरिकेत १८९५ सालीच घेतले होते. अडले ते बॅटरीपाशी.

आपण हिशेब करू. पायडल न मारता किलोमीटरला १५ वॉट-तास ऊर्जा लागते असे धरू. शाळेत जाऊन-येऊन २० किलोमीटर, म्हणजे ३०० वॉट-तास. गास्तों प्लांते यांनी १८५९मध्ये शोधलेली शिसे-आम्ल बॅटरी आजही किलोमागे सुमारे ३५ वॉट-तासच साठवते. दरवेळी पूर्ण रिकामी केली, तर ती लवकर निकामी होते. म्हणून निम्मीच वापरायची ठरवली, तर वजन १७ किलो!

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी व सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात विजेची सायकलरिक्षा विकसित केली. तिच्या तीन चाकांना असे ओझे पेलले. दोन चाकांना ते जड जाते. १९९१मध्ये बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीची आजची सुधारित आवृत्ती तेच काम सुमारे अडीच किलोत करते.

पायडल मारत राहिल्यास आणखी लहान बॅटरी पुरेल. किती लहान? खर्च करण्याआधी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरापासून शाळेपर्यंतचे अंतर मोजून हे काढावे.