तिसरी मुलगी कुठे गेली?

गोवा हिंदू असोसिएशनने डिसेंबर १९७० मध्ये वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ रंगमंचावर आणलं, तेव्हापासून त्याची ओळख ‘मराठीतलं किंग लिअर’ अशी करून दिली जाते. ओळख खोटी नाही. म्हातारा हयातीतच सगळं वाटून टाकतो, मुलांना तो नकोसा होतो आणि शेवटी उघड्यावर येतो. पण दोन्ही घरांतली माणसं मोजली तर एक कमी भरतं. लिअरला तीन मुली आहेत. ‘नटसम्राट’मधल्या गणपतराव बेलवलकरांना दोनच मुलं, नंदा आणि नलू. तिसरी, खरं बोलणारी, बापावर खरं प्रेम करणारी कॉर्डेलिया नाटकात नाहीच. या मुलीचं काय करायचं, हा पेच शिरवाडकरांच्या आधीही पुष्कळांना पडला होता आणि ज्याने त्याने तो आपल्या काळाच्या नीतीप्रमाणे सोडवला होता.

ही मुलगी शेक्सपिअरच्या किती तरी आधीची. ११३६ च्या सुमारास जेफ्री ऑफ मॉनमथ याने ब्रिटनच्या राजांचा लॅटिन इतिहास लिहिला. त्याला इतिहास म्हणायचं, पण त्यात दंतकथाच जास्त. त्यात लिअर राजा मुलींना ‘माझ्यावर तुमचं प्रेम किती’ असं विचारतो. थोरल्या दोघी तोंडभरून बोलतात. धाकटी मोजकंच बोलते आणि हुंड्याविना गॉलच्या राजाकडे दिली जाते. बापाच्या प्रश्नाला न रुचणारं उत्तर देणारी मुलगी आपल्याकडेही आहे. जैन कथेतली उज्जैनची मयणासुंदरी ‘मी माझ्या कर्माचं खाते’ म्हणते आणि बाप चिडून तिचं लग्न कुष्ठरोग्याशी लावून देतो. तिथे शेवटी तिचं म्हणणं खरं ठरतं. जेफ्रीच्या गोष्टीतही धाकटी फौज घेऊन येते, बापाला गादीवर बसवते आणि तो आणखी तीन वर्षं राज्य करतो. कॉर्डेलियाचा करुण अंत होतो तो फार पुढे, ती स्वतः राणी झाल्यावर, भाच्यांच्या बंडात. बापाच्या हयातीत मात्र सगळ्यांचे हिशेब चुकते होतात. १६०५ मध्ये छापलेलं एका अज्ञात लेखकाचं ‘किंग लिअर’ही बाप गादीवर परतल्यावर संपतं.

२६ डिसेंबर १६०६ रोजी पहिल्या जेम्स राजापुढे शेक्सपिअरचं नाटक झालं. गोष्ट ठाऊक असलेले प्रेक्षक फौजेची वाट पाहत असणार. फौज आली, पण हरली. कॉर्डेलियाला कैदेत फाशी दिली गेली आणि म्हातारा लिअर तिचं प्रेत हातांवर घेऊन रंगमंचावर आला. चांगल्याचं भलं होतंच, हा जुन्या गोष्टीचा भरवसा शेक्सपिअरने काढून घेतला. त्याच्या बदल्यात त्याने जे दिलं ते त्याआधीच्या एका प्रवेशात आहे.

लिअरने राज्य दिलं ते अट घालून. पदरी शंभर सरदार ठेवायचे आणि एकेक महिना आळीपाळीने दोघींकडे राहायचं. पुढे मुली त्या आकड्याची घासाघीस करतात. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, मग दहा, पाच, आणि शेवटी ‘एक तरी कशाला हवा?’ मुलीचं प्रेम मोजायला निघालेल्या बापाचं मोल आता मुली मोजतात. तो वादळात निघून जातो, वेडा होतो. भानावर येतो तेव्हा समोर कॉर्डेलिया असते. ती त्याचा आशीर्वाद मागते आणि तो राजा, ऐंशी उलटलेला बाप, मुलीपुढे गुडघे टेकायला जातो. ती त्याला थांबवते. तो आपला मूर्खपणा कबूल करतो. नाटकाचा नैतिक कणा मला इथे दिसतो: चूक बापाची होती आणि ती मुलीसमोर मान्य करायला बाप तयार आहे.

इंग्रजांना हे दीडशे वर्षं झेपलं नाही. १६८१ मध्ये नेहम टेटने नाटक ‘सुधारलं’. लिअरच्या विदूषकाला हाकललं, कॉर्डेलिया आणि नाटकातला सरदारपुत्र एडगर यांचं प्रेम जुळवलं, लिअरला जिवंत ठेवलं. लंडनच्या रंगभूमीवर हीच आवृत्ती चालू राहिली. सॅम्युअल जॉन्सनसारख्या समीक्षकानेही लिहून ठेवलं की कॉर्डेलियाच्या मृत्यूचा त्याला असा धक्का बसला होता की, संपादनाचं काम अंगावर येईपर्यंत त्याने ते शेवटचे प्रवेश पुन्हा वाचले नाहीत. १८१० ते १८२० या काळात तर नाटकच बंद होतं, कारण खुद्द राजा तिसरा जॉर्ज वेडा झाला होता. १८३८ मध्ये विल्यम मॅक्रेडीने विदूषकासकट मूळ नाटकाची मांडणी परत आणली.

मराठी रंगभूमीची शेक्सपिअरशी ओळख जुनी. आगरकरांचं ‘विकारविलसित’ म्हणजे हॅम्लेट, देवलांचं ‘झुंझारराव’ म्हणजे ऑथेल्लो. शिरवाडकरांनी स्वतः ‘राजमुकुट’मध्ये मॅकबेथ आणला होता. ‘लिअर’ला हात घालताना मात्र त्यांनी रूपांतर केलं नाही, राजाच काढून टाकला. त्याच्या जागी निवृत्त नट आला. त्याचं साम्राज्य रंगवलेल्या पडद्यांचं. देण्यासारखं खरं काय, तर घर आणि आयुष्यभराची पुंजी. हा बदल फार मोठा आहे. राजाने राज्य वाटलं की देश फुटतो, युद्ध होतं. निवृत्त माणसाने घर वाटलं की फुटतं ते फक्त घर. राजकारणाची शोकांतिका मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आली.

खलनायकही त्याच मापाचे झाले. लिअरची थोरली मुलगी मधलीला विष घालते. बेलवलकरांची मुलं असलं काही करत नाहीत. म्हाताऱ्याच्या बोलण्याचा नातीवर होणारा परिणाम सुनेला खटकतो. मुलीच्या घरी पैसे हरवतात आणि संशय बापावर जातो. बस, एवढंच. शंभर सरदारांची घासाघीस इथे घरातून आउटहाउसपर्यंत येऊन थांबते. प्रेक्षक म्हणूनच हादरतो: विष घालणारी मुलगी त्याने पाहिलेली नसते, ‘तुम्ही घेतलेत का?’ असं विचारणारी पाहिलेली असते.

आणि कॉर्डेलिया? तिचे गुण दोघांत वाटले गेले. सावध करण्याचं काम बेलवलकरांच्या पत्नीकडे, कावेरीकडे. सगळं देऊन टाकू नका, हे ती सांगून पाहते. सांभाळण्याचं काम बूटपॉलिश करणाऱ्या राजाकडे, रक्ताचं नातं नसलेल्या पोराकडे. रक्ताचं नातं फसवतं आणि फुटपाथवरचं टिकतं, हे शिरवाडकरांचं मूल्य. मागच्या पिढीची एकत्र कुटुंबावरची श्रद्धा पाहता ते धाडसाचंच.

पण तिसरी मुलगी गेली तशी तिच्याबरोबर बापाची माफीही गेली. अप्पा, म्हणजे बेलवलकर, प्रेमाची परीक्षा घेत नाहीत, कुणाला घराबाहेर काढत नाहीत. त्यांचा अपराध एकच, हात सैल सोडून दिलं. गुडघे टेकावेत असं त्यांच्या आयुष्यात कुणी नाही. शेवटी उलटच होतं. मुलं त्यांना शोधत येतात, परत चला म्हणतात आणि ते आपल्या जुन्या भूमिकांची नावं घेत, ऑथेल्लो आणि सुधाकर होत, मुलांच्या हातून निसटून जातात. शेक्सपिअरमध्ये बाप मुलीपुढे झुकतो, शिरवाडकरांकडे मुलं बापापुढे. ‘पितृदेवो भव’ म्हणणाऱ्या समाजात दुसरं काही होणं अवघडच होतं. बेलवलकर साकारणाऱ्या डॉ. श्रीराम लागूंच्या आवाजाने हेलावलेल्या प्रेक्षागृहात बापाचा हिशेब कुणी मागितला नाही.

‘नटसम्राट’नंतर वर्षाच्या आतच, सप्टेंबर १९७१ मध्ये, लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये एडवर्ड बाँडचं ‘लिअर’ आलं. त्यात कॉर्डेलिया आहे, पण लिअरची मुलगी म्हणून नाही. सैनिकांनी नवऱ्याला मारलेली, स्वतः अत्याचार सोसलेली ही बाई बंडाची पुढारी होते, सत्तेवर येते आणि लिअरने बांधायला घेतलेली भिंत तीच पुढे बांधत राहते. बाँडचा लिअर शेवटी फावडं घेऊन ती भिंत खणायला जातो आणि गोळी खातो. म्हणजे चूक निस्तरायला बापच निघतो. एका लेखकाने चांगली मुलगी पुसली, दुसऱ्याने तिला सत्तेवर बसवलं. पण आपल्या कृत्याची जबाबदारी घेणारा म्हातारा बाँडकडेच उरला.

२००७ मध्ये भारतात पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा झाला. त्याच्या २३व्या कलमानुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, मुलांनी सांभाळलं नाही तर न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. लिअरला या कलमाचा आधार घेता आला असता, त्याने अट घातली होती. बेलवलकरांना तो घेणं जड गेलं असतं, कारण त्यांनी अट घातलीच नव्हती. आपल्याकडे त्यांचा मोठेपणा मानला जातो तो नेमका यातच. मुलांच्या बाजूने लिहिलेला मराठी लिअर कुणी लिहायला बसलं, तर त्याने सुरुवात याच मोठेपणापासून करावी: न मागता सगळं देणाऱ्या बापाने, देताना मुलांना एकदा तरी विचारलं होतं का?