चंद्रपूर-गडचिरोलीतील जीवाश्म-संशोधन आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा संगणक-वापर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे वनसंपत्तीप्रमाणेच जीवाश्मांसाठीही अभ्यासकांना परिचित आहेत. मात्र येथील जीवाश्मांचे वर्णन बहुधा दूरच्या शहरांत झाले. हे अंतर संगणकामुळे कितपत कमी झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
प्राणहितेकाठच्या कोटा (आजचा सिरोंचा तालुका) येथील मत्स्यजीवाश्मांचे वर्णन एगर्टन यांनी १८५१ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केले. नागपूरचे मिशनरी हिस्लॉप व हंटर यांच्या प्रयत्नाने चंद्रपूर जिल्ह्यातील मांगली येथील एका उभयचराची कवटी तेथे पोहोचली. ओवेन यांनी १८५५ मध्ये तिला 'ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स' हे नाव दिले. पुढे प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील पोचमपल्लीजवळ १९५८ ते १९६१ या काळात मिळालेली डायनोसोरची हाडे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत गेली. १९७५ मध्ये त्या प्राण्याचे 'बारापासॉरस टागोरी' असे नामकरण झाले. याच संस्थेत १९५६ मध्ये देशातील पहिला अंकीय संगणक आला होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

संगणकाचे साहाय्य :
पूर्वी मूळ नमुना वा जुना शोधनिबंध पाहण्यासाठी विद्यार्थ्यास मोठ्या शहरातील ग्रंथालय गाठावे लागे. आता अनेक जुने निबंध अंकीय स्वरूपात वाचता येतात. २००१ पासून विनामूल्य उपलब्ध असलेल्या 'पास्ट' या आज्ञावलीने मोजमापांचे सांख्यिकीय विश्लेषण करता येते. अनेक छायाचित्रांवरून हाडाची त्रिमितीय प्रतिकृती तयार करून ती दूरच्या तज्ज्ञास पाठविणेही शक्य झाले आहे.

मर्यादा :
चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण आढळल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि डायनोसोरच्या काळातही गवत होते, हे सिद्ध झाले. असे निष्कर्ष नमुना कोणत्या थरातील आहे, यावरच उभे असतात. पिसदुऱ्यात अनेक जीवाश्म शेतात सुटे सापडतात. उचलतानाच नोंद झाली नाही, तर हरवलेले स्थान कोणतीही आज्ञावली परत मिळवून देऊ शकत नाही. याउलट, अचूक अक्षांश-रेखांश सर्वांसाठी खुले केल्यास नमुन्यांची चोरी होण्याचा धोका संभवतो.

समारोप :
सारांश, संगणकाने संदर्भ व नमुन्यांच्या प्रतिमा जिल्ह्यापर्यंत आणल्या. क्षेत्रनोंदीची जबाबदारी मात्र विद्यार्थ्याचीच राहिली. म्हणून प्रत्येक छायाचित्रासोबत थर, दिनांक व संकलकाचे नाव नोंदविणे विभागांनी अनिवार्य करावे. अचूक स्थान विभागाच्या दप्तरी सुरक्षित ठेवावे. प्रबंधाचा सारांश मराठीत, आणि सिरोंचा भागासाठी तेलुगूतही, ग्रामस्थांपर्यंत पोहोचवावा. ज्यांच्या शेतात जीवाश्म सापडतात, त्यांना त्यांचे महत्त्व समजले तरच पुढील पिढीच्या अभ्यासकांना ते जागेवर पाहावयास मिळतील.